मध्यस्थीची फी कुणी भरायची, आणि मला मोफत वकील मिळेल का?

नमस्कार ताई,

मी ३४ वर्षांची आहे. लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगी ६ वर्षांची. गेले ८ महिने तिला घेऊन माहेरी राहते. माहेर तालुक्याच्या गावी, सासर पुण्यात. इथे एका खासगी संस्थेच्या कार्यालयात नोकरी मिळाली आहे, महिन्याला २८ हजार हातात येतात. मिस्टरांची कंपनीतली नोकरी गेल्या वर्षी सुटली. आता कमिशनवर काम करतात आणि वीसेक हजार सुटतात असं सांगतात. मुलीच्या खर्चाला त्यांच्याकडून आजवर दोनदाच पैसे आले.

कोर्टात अजून कुणीच गेलेलं नाही. परत नांदायला जायचं की वेगळं व्हायचं, माझंच ठरत नाही. मोठे दीर म्हणतात, कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा माझ्या ओळखीचे एक मध्यस्थ आहेत, त्यांच्यापुढे बसू. एका बैठकीचे ४ हजार, निम्मे तुम्ही निम्मे आम्ही, पाच-सहा बैठका लागतील. वडील निवृत्त आहेत, त्यांच्यापुढे हात पसरवत नाही. मोफत वकिलाची चौकशी केली तर एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, “३ लाखांची मर्यादा आहे, तुझा पगार वर जातो, तू बसत नाहीस.” मामांचं म्हणणं, फुकटचा वकील फुकटचंच काम करणार, कर्ज काढ पण चांगला वकील दे.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. भांडणात दोन-तीन वेळा त्यांनी हात उचललाय. पोलिसांत मी कधी गेले नाही. त्यांच्यासमोर बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करू?

— एक वाचक


तुम्हाला अर्धवट माहिती मिळाली आहे आणि तिच्या जोरावर घरात कर्जाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत, म्हणून आधी तेवढंच सांगते. तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. तुमचा पगार २८ हजार असो नाहीतर ८० हजार, त्यानं फरक पडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ या कायद्याच्या १२व्या कलमात मोफत कायदेविषयक साहाय्य कुणाकुणाला मिळावं, हे लिहिलेलं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, पूर-भूकंप-दुष्काळात सापडलेले, मानवी तस्करीला बळी पडलेले, हे सगळे त्यात येतात. त्याच यादीत ‘स्त्री किंवा बालक’ हा वेगळा गट आहे आणि त्याला उत्पन्नाची कसलीही अट लावलेली नाही. गृहस्थांनी सांगितलेली ३ लाखांची मर्यादा खोटी नाही. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मदत मिळते. पण हा निकष यादीच्या शेवटी येतो, आणि वरच्या कुठल्याही गटात न बसणाऱ्यांसाठी तो ठेवलेला आहे. तुमचं उत्पन्न वर्षाला ३ लाख ३६ हजार होतं, म्हणून त्यांनी तुम्हाला बाद करून टाकलं. तुम्हाला त्या निकषापर्यंत जायचंच नाही. स्त्री म्हणून तुम्ही आधीच पात्र आहात, आणि तुमची मुलगी बालक म्हणून स्वतःच्या हक्कानं पात्र आहे.

कितीतरी नोकरदार बायका केवळ या गैरसमजापायी अर्जच करत नाहीत. आपण कमावतो, मग गरिबांच्या वाट्याचं कशाला घ्यायचं, असा संकोचही त्यात असतो. हा संकोच सोडा. पैशाअभावी कुणी न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी राज्यघटनेनं ३९-अ अनुच्छेदात सरकारवर टाकली आहे, १९७६ सालीच. ज्या बाईच्या हातात आज पगार आहे पण घर, दागिने, कागदपत्रं सगळं सासरी अडकलेलं आहे, तिची अडचण कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती, असं मी मानते.

अर्ज करायला वकील लागत नाही. तुमच्या तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथली माणसं लिहून घेतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज भरता येतो, आणि १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून आधी चौकशी करता येते. सोबत ओळखपत्र, लग्नाचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला आणि काय काय घडलं त्याची एक-दोन पानी हकीकत न्या. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढं ते पाहतात, आणि तुमच्या प्रकरणात ते आहे. अर्जावरचा निर्णय ७ दिवसांच्या आत व्हावा असा नियम आहे, म्हणून अर्जाची तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. ‘पगार जास्त आहे’ म्हणून खिडकीवरच कुणी परत पाठवू लागलं तर वाद घालू नका. अर्ज दाखल करून घ्या, नकार लेखी द्या, एवढंच शांतपणे म्हणा. त्या नकारावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

मंजुरी मिळाली की पॅनेलवरचा वकील नेमून मिळतो. त्याची फी प्राधिकरण देतं. अर्ज-दाव्यांचा मसुदा, टायपिंग, न्यायालयाच्या नोटिसांचा खर्च, निकालाच्या प्रमाणित प्रती हेही त्यात येतं. कोर्ट फीचं तर आपल्या राज्यात वेगळंच आहे. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनानं १ ऑक्टोबर १९९४ ला काढली, आणि ती विधी सेवेच्या मदतीवर अवलंबून नाही. उद्या तुम्ही स्वतःच्या पैशानं वकील दिला तरी ही माफी मागायला विसरू नका. प्रवास, तारखेला जाण्यासाठी काढलेली रजा, झेरॉक्स असले किरकोळ खर्च मात्र तुमचेच. ते किरकोळ म्हणायचे खरे, पण बिनपगारी रजा असेल तर महिन्याचं गणित बिघडतं. तेवढं आधीच धरून चाला.

आता मध्यस्थी. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात पक्षकारांकडून फी घेत नाहीत. तिथले मध्यस्थ बहुधा ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेले वकील किंवा न्यायाधीश असतात, आणि त्यांचं मानधन विधी सेवा यंत्रणेकडून दिलं जातं. तुमचं उत्पन्न किती, नवऱ्याचं किती, हे फीसाठी कुणी विचारत नाही. म्हणजे ‘मला मध्यस्थी परवडेल का’ हा प्रश्न फक्त खासगी मध्यस्थाच्या बाबतीत येतो. खासगीत फी बैठकीवर किंवा तासावर असते आणि दोघांनी ती निम्मी-निम्मी भरायची अशी रीत आहे. २०२३च्या मध्यस्थी अधिनियमातही तेच धरलेलं आहे, दोघांनी वेगळं काही ठरवलं नसेल तर खर्च समान. वेगळं ठरवता येतं, हे मात्र लक्षात ठेवा. निम्मे म्हणजे न्याय्य, असं काही नाही. मुलीचं जेवण, शाळा, दवाखाना ८ महिने तुम्ही एकट्या बघताय, त्यात बैठकीमागे २ हजार तुमच्याकडून मागणं मला रास्त वाटत नाही.

कोर्टात दावा नसेल तर हे केंद्र आपल्याला कसं मिळणार, असं तुम्हाला वाटेल. दावा दाखल होण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. ते समोरच्याला नोटीस पाठवून बोलावतात. यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं, पण प्राधिकरणाच्या शिक्क्याचं पत्र आलं की पुष्कळ माणसं येतात. पुढे कुणी दावा लावलाच, तर न्यायालय स्वतःहूनही तुम्हाला मध्यस्थीकडे पाठवू शकेल. कौटुंबिक न्यायालयांवर तर तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी १९८४च्या कायद्यानंच टाकलेली आहे आणि तिथे विवाह समुपदेशकही विनाशुल्क असतात. वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवले जावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या निकालात आवर्जून सांगितलं. त्यामुळे मध्यस्थीची संधी हातची जाईल म्हणून घाईघाईनं दिरांच्या माणसापुढे बसायचं कारण नाही.

दिरांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण मध्यस्थ दोन्ही बाजूंना सारखाच परका असावा लागतो. ज्याला तुमच्या सासरची माणसं ओळखतात आणि तुम्ही पहिल्यांदा पाहणार आहात, त्याच्यापुढे तुम्ही मोकळेपणानं बोलणार नाही. त्यांच्यापुढे बसायला मी तुम्हाला सांगणार नाही.

आणि कुणाहीपुढे बसण्याआधी एक क्रम पाळा, याच्याबद्दल मी आग्रही आहे. आधी वकिलाचा सल्ला, मग मध्यस्थी. मध्यस्थ निवाडा देत नाही आणि तुमच्या बाजूनं सल्लाही देत नाही. तुम्ही तुमच्या हक्कापेक्षा कमी मागितलं तर ‘बाई, तुम्हाला याहून जास्त मिळू शकतं’ असं सांगणं त्याचं काम नाही. स्त्रीधन कुणाचं, मुलीच्या खर्चातला बापाचा वाटा किती, ताबा आणि भेटी कशा ठरतात, हे तुम्हाला आधी ठाऊक असेल तर त्या टेबलावर बसायला अर्थ आहे. नाहीतर समोरून जे येईल ते मोठं वाटतं. म्हणून मोफत वकिलाचा अर्ज आधी, त्याच्याबरोबर निवांत एक भेट, आणि त्यानंतरच मध्यस्थीची तारीख.

तुम्ही शेवटी जे लिहिलंत, त्याकडे येते. ते लिहिलंत हे बरं केलंत, कारण त्यामुळे माझा सल्ला बदलतो. हात उचलणं ‘भांडणात’ झालं म्हणून ते कमी होत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसून आपल्या हिताचं बोलता येत नाही. आवाज बसतो, ‘हो’ पटकन तोंडातून निघून जातं, आणि ते ‘हो’ कागदावर उतरतं. ही भीती असताना मध्यस्थी नाकारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मध्यस्थी ऐच्छिक आहे. सुरू झाल्यावर मधूनही उठता येतं, आणि उठलात म्हणून पुढे न्यायालयात ते तुमच्या विरोधात जात नाही.

बसायचंच ठरवलंत तर केंद्राला आधी लेखी कळवा की पूर्वी मारहाण झाली आहे, समोरासमोर बसणार नाही. मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटून बोलणी पुढे नेऊ शकतो. येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवायला सांगा, वकिलाला सोबत येऊ द्या म्हणा, आणि काही ठिकाणी व्हिडिओवरून बसता येतं, तेही विचारा. ऐकून घेणारा मध्यस्थ हे लगेच मान्य करतो. ‘संसारात भांड्याला भांडं लागतंच’ असं म्हणून कुणी विषय उडवून लावला तर तिथून निघून या.

मारहाणीसाठी स्वतंत्र रस्ताही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, महिला व बालविकास विभागात त्यांची चौकशी करा. तुमची तक्रार नोंदवणं आणि तुम्हाला मोफत विधी साहाय्य मिळेल हे पाहणं त्यांचं कर्तव्यच आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, आणि प्रसंग आलाच तर ११२. या कायद्याखालच्या अर्जाची पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत लागावी आणि ६० दिवसांत तो निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, हे तुम्हाला माहीत असावं. आज अर्ज करायचा की नाही, हा निर्णय तुमचा. तो न करताही एक काम या आठवड्यात करून ठेवा. घडलेल्या प्रत्येक प्रसंगाची तारीख, निदान महिना, कुणी पाहिलं, दवाखान्यात गेला होतात का, कुणाला फोन केला होतात, हे एका वहीत लिहून काढा. मेसेज असतील तर दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवा. आणि तडजोडीच्या कुठल्याही मसुद्यात ‘यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ असं वाक्य दिसलं, तर वकिलानं वाचल्याशिवाय सही करू नका.

मिस्टरांची मिळकत खरंच २० हजार असेल, तर वर्षाची २ लाख ४० हजार होते, म्हणजे उत्पन्नाच्या निकषावर त्यांनाही मोफत वकील मिळू शकतो. पुरुषांना ही सोय नाही असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरेसं धरता येतं. दोघांना वेगवेगळे वकील मिळतील, एकच वकील दोघांचा होऊ शकत नाही. त्यांनी अर्ज केला तर वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही बाजूंना सल्ला असला की झालेली तडजोड पुढे कमी मोडते.

पण २० हजार हा आकडा आज फक्त तोंडी आहे. पोटगीचा अर्ज कोर्टात गेला की दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला ते बंधनकारक केलं. बँकेची खाती, आयकर विवरणं, घरभाडं, कर्जाचे हप्ते, सगळं त्यात येतं. मध्यस्थीतही हेच मागा. दोघांनी तसाच तपशील एकमेकांना दिल्याशिवाय रकमेवर बोलणी सुरू करायची नाहीत, असं पहिल्याच बैठकीत सांगा. हा आग्रह भांडखोरपणाचा नाही. आकडे माहीत नसताना ठरलेली रक्कम सहा महिन्यांत थकते.

इथे एक कटू वाटेल अशी गोष्ट सांगायला हवी. मोफत वकिलासाठी तुमचा पगार मोजला जात नाही, पोटगीसाठी मोजला जातो. हिंदू विवाह कायद्याच्या २४व्या कलमाखाली दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, पण ज्याला पुरेसं स्वतंत्र उत्पन्न नाही त्यानं, मग ती पत्नी असो वा पती. कागदावर तुमचा पगार त्यांच्यापेक्षा जास्त दिसला तर स्वतःसाठी तुम्हाला फार मिळेल असं मी म्हणणार नाही. बायको कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारता येत नाही, हे रजनेश-नेहा निकालातच स्पष्ट केलेलं आहे, पण आशा बेतानं ठेवा. मुलीचं वेगळं. तिचा खर्च दोघांचा आहे, आणि त्यासाठी घटस्फोटाचा दावाही लावावा लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या १२५ कलमाच्या जागी आलेल्या तरतुदीखाली, तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायालयात तिच्यासाठी अर्ज करता येतो. परत जायचं की नाही हे तुमचं ठरेपर्यंत तिची फी थांबायचं कारण नाही. पॅनेलच्या वकिलाला पहिल्या भेटीत हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. आणि समेटाच्या भरात मुलीच्या हक्काची रक्कम सोडून देऊ नका, ती तुमची नाही, तिची आहे.

वेगळं व्हायचं ठरलं तर परस्परसंमतीच्या घटस्फोटाची घाई आत्ता कुणी करत असेल, तर कायद्यानंच ते शक्य नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली अर्ज करण्याआधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुमचे ८ महिने झालेत. त्यानंतरही अर्ज आणि अंतिम हुकूम यांत ६ महिन्यांचं अंतर असतं. ते माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७च्या निकालात म्हटलं आहे, पण सगळ्या बाबी खरोखर मिटलेल्या असतील तेव्हाच. मध्यस्थापुढे झालेल्या कराराच्या कागदानं घटस्फोट होत नाही, तो न्यायालयच देतं. तेव्हा आजच निकाल लावा असा दबाव कुणी आणला तर हे शांतपणे सांगा. विचार करायला तुमच्याकडे वेळ आहे.

दावा लावायची वेळ आलीच तर तो पुण्यातच लावावा लागेल असंही नाही. पत्नी ज्या ठिकाणी राहते तिथल्या न्यायालयात तिला हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज करता येतो, २००३ साली ही सोय आली. खर्चाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. मुलीला कुणाकडे तरी ठेवून दर तारखेला पुण्याला जाणं तुम्हाला झेपणारं नाही. पुण्यात कौटुंबिक न्यायालयात प्रकरण गेलं तर आणखी एक जाणून असा. तिथे वकील देणं हा आपोआप मिळणारा हक्क नसतो, न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते.

मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं. यश आलं तर तडजोडीचा कागद आणि नाही आलं तर ‘तडजोड झाली नाही’ एवढंच न्यायालयाला कळवायचं, कुणी काय म्हटलं ते नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सांगितलेलं आहे. म्हणून ‘परत जायचा विचार करतेय’ असं तिथे म्हणालात तर ते उद्या तुमच्यावर उलटेल, ही भीती ठेवू नका. सही मात्र त्याच दिवशी करू नका. मसुदा घरी न्या, वकिलाला दाखवा, रक्कम कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात, दागिने कधी आणि कुणासमोर परत, मुलीच्या भेटी कुठे, हप्ता चुकला तर काय, हे सगळं त्यात शब्दांत आहे का ते पाहा. आणि पैशाची कलमं न्यायालयाच्या हुकुमात कशी उतरतील, ते वकिलाला विचारूनच पुढे व्हा.

मामांची काळजी मी झटकून टाकत नाही. पॅनेलवर सगळेच वकील सारखे नसतात. काही मन लावून काम करतात, काही तारखेपुरते उगवतात. पैसे मोजून दिलेल्या वकिलांतही हे दोन्ही प्रकार असतात, मामांनाही ते माहीत असेल. पॅनेलच्या वकिलाच्या बाबतीत तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. तो तुमच्याकडून एक रुपयाही मागू शकत नाही, मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. आणि तो काम करत नसेल तर कारणं लिहून वकील बदलून मागता येतो. प्रत्येक तारखेनंतर काय झालं ते वहीत लिहा, दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या. असं केल्यानं वकीलही जागा राहतो आणि बदलून मागायची वेळ आली तर लिहायला काही असतं. एवढं करूनही समाधान झालं नाही, तर कर्जाचा विचार तेव्हा करा, आज नको.

दिरांना उत्तर द्यावं लागेल, कारण ते वाट पाहत असतील. फोनवर बोलू नका, मेसेज पाठवा, म्हणजे लेखी राहील. “बोलणी करायला माझी ना नाही. जिल्ह्याच्या मध्यस्थी केंद्रात बसू, तिथे दोघांनाही फी नाही. मी आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना भेटते आहे, त्यानंतर तारीख कळवते. तोवर मुलीच्या शाळेचे पैसे माझ्या खात्यावर भरावेत.” यात भांडण नाही आणि माघारही नाही. त्यांनी आपल्याच मध्यस्थांचा हट्ट धरला तर पुढचं उत्तर वकिलाला विचारून द्या.